माझं लहानपण तुझ्याकडे आहे

वर्तकनगर, ठाणे
शनिवार, ८ जून २०२४

बाबा,

मी घर सोडलं त्याला आज बारा दिवस झाले. आई गावात सांगते की समृद्धीची जाण्यायेण्यात दगदग व्हायची म्हणून तिने ऑफिसजवळ खोली घेतली. हे खरं नाही. वागळे इस्टेटला मी चार वर्षं आपल्या घरूनच जात होते आणि मला एकदाही लेट मार्क लागलेला नाही. खरं कारण तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते तू माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज चढला की माझे शब्द जातात. मी गप्प झाले की तू आईला म्हणतोस, बघ, दगड हाय. मेसेज तू हितेशकडून वाचून घेतोस. कागद मात्र तू स्वतः वाचतोस, अक्षराखाली बोट फिरवत, कितीही वेळ लागला तरी. म्हणून कागद.

धाकट्या भावाच्या, हितेशच्या हळदीला मी काय केलं ते सगळ्या गावाने पाहिलं. मला काय झालं ते कोणी विचारलं नाही. डीजेचे बॉक्स माझ्यापासून वीस फुटांवर होते. लाइट गरगर फिरत होत्या. नवी साडी काखेत टोचत होती आणि तीन मावश्या एकदम माझ्या गालांना ओली गार हळद फासत होत्या. आधी मला ऐकू येईनासं झालं, मग दिसेनासं झालं. मी कानांवर हात ठेवून खाली बसले आणि ओरडले. स्वतःच्या मनगटाला चावले. मी कोणालाही मारलं नाही. तू मला मारलंस. मग आतल्या खोलीत कोंडलंस. त्या खोलीची खिडकी बॉक्सच्याच बाजूला उघडते.

तिसऱ्या दिवशी तू मला कल्याणच्या त्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांच्या डोक्यामागे घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे, आपण आत सहा मिनिटं होतो. सहा मिनिटांत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "आवाज ऐकू येतात का?" मी म्हटलं, "हो." कारण येत होते. पंखा करकरत होता, खाली रिक्षावाले भांडत होते, भिंतीपलीकडे कोणीतरी बाई फोनवर कोथिंबिरीच्या वड्यांची कृती सांगत होती. मला वाटलं ते हेच विचारतायत. उरलेला वेळ ते तुझ्याशी बोलले. बाहेर आल्यावर मी कागद वाचला. स्किझोफ्रेनिया.

त्या गोळ्यांनी मी चौदा-चौदा तास झोपायचे. उशी लाळेने ओली व्हायची. मी लिफ्टची ड्रॉइंग बनवते बाबा, तुला ते कधी नीट सांगितलेलं नाही. लिफ्टचा खड्डा, दरवाजा, भिंत, सगळं मिलिमीटरमध्ये. एप्रिलमध्ये माझ्या एका ड्रॉइंगमध्ये लिफ्टचा दरवाजा भिंतीत उघडत होता. साहेब ओरडले नाहीत. ते नुसतं बघत राहिले, ते जास्त वाईट होतं.

ऑफिसातली एक मुलगी तिच्या भाच्याचं सांगत होती. आवाज सहन होत नाहीत, कपड्यांची लेबलं टोचतात, ताटात भाजी भाताला लागलेली चालत नाही, एकच गोष्ट तासन्‌तास करतो. मला वाटलं ती माझंच सांगतेय. त्याला ऑटिझम आहे. मी महिनाभर वाचलं आणि मग तुला येऊन सांगितलं. तेव्हा तू जे म्हणालास ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवलंय: "आमचे घरान येरा कोन नाय. त्या गोल्या खा न गप ऱ्हा."

घरात वेडं कोणी नाही, आणि वेडाच्या गोळ्या खा. या दोनपैकी एकच खरं असू शकतं.

मी गोळ्या बंद केल्यात. ज्याला हे कळतं असा डॉक्टर मी शोधणार आहे. परवानगी मागत नाहीये. घरमालकीणबाईंचं नाव शुभदाताई, निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात, टीव्ही बारीक आवाजात लावतात. पत्ता पाकिटावर आहे.

समृद्धी


वर्तकनगर
रविवार, २१ जुलै २०२४

बाबा,

उत्तर आलं नाही. आई म्हणाली तू पत्र सातबाराच्या फायलीत ठेवलंयस. म्हणजे फेकलं नाहीस.

मी अकरा ठिकाणी फोन केले. सात जण म्हणाले आम्ही फक्त मुलांचं बघतो. दोघांनी उचलला नाही. दोन ठिकाणी जाऊन आले.

पहिलं ठाण्यात, घोडबंदर रोडला. काचेचं क्लिनिक, आत मोगऱ्याचा वास इतका की माझं कपाळ ठणकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "ऑटिझम? तुम्ही नोकरी करता. छान बोलता. माझ्या डोळ्यांत बघून बोलताय की."

मी म्हटलं, "मी तुमच्या डोळ्यांत बघत नाहीये. दोन भुवयांच्या मधे बघतेय. तिथे तुमचा एक केस पांढरा आहे."

ते हसले. मला वाटलं आता त्यांना कळलं. पण ते म्हणाले, "इंटरनेटवर फार वाचता तुम्ही. लग्न झालं की या गोष्टी मागे पडतात." मी विचारलं, कुठल्या गोष्टी? त्यांनी घंटी वाजवली.

दुसरं डोंबिवलीत, मुलांचं सेंटर. फोनवर त्यांनी वय विचारलं नव्हतं आणि मला वाटलं विचारलं नाही म्हणजे चालतं. सगळ्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. मी एकीवर बसले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाळ कुठंय?"

"बाळ मीच."

तिने फाइल परत बघितली. "मॅडम, आम्ही अठरापर्यंतच घेतो."

"अठरानंतर काय होतं? बरं होतं का?"

"ते मला नाही माहीत, मॅडम."

ती वाईट नव्हती. तिने मला पाणी दिलं. पण तिला खरंच माहीत नव्हतं आणि बहुतेक कोणालाच माहीत नाही. अठरा वर्षांची होईपर्यंत मी तुझ्या घरात होते आणि तेव्हा कोणी नेलं नाही. आता मी स्वतःच्या पायांनी जाते, तर दार बंद झालेलं.

आईकडून कळलं की काळुराममामाने स्थळ आणलंय. त्यांना 'पोर शांत हाय' एवढंच सांगायचं ठरलंय म्हणे. मी शांत नाही. माझ्या डोक्यात दिवसभर गर्दी असते. ज्या माणसाला हे माहीत नाही त्याच्याशी मी लग्न करणार नाही, आणि ज्याच्यापासून हे लपवलंय त्याच्याशी तर नाहीच. मामाला सांग, मी पाहण्याच्या दिवशी येणार नाही. साडीही पाठवू नका.

शुभदाताई रोज विचारतात जेवलीस का. मी हो म्हणते.

मी ठीक आहे.

समृद्धी


वर्तकनगर
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

बाबा,

'मी ठीक आहे' हे खोटं होतं. तू सगळ्यांना सांगतोस की आमच्या समृद्धीला खोटं बोलता येत नाही. येतं. लिहून येतं.

त्या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात. हे मला नंतर कळलं. त्या डॉक्टरांनी सुरू करतानाही सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नाही. ही चूक माझी. ऑगस्टमध्ये झोप गेली. मग जेवण गेलं. मग एक दिवस मी ऑफिसला जायला चपला घातल्या आणि चपला घालून तशीच पलंगावर बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. असे नऊ दिवस. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी मला जगायचं नव्हतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं, कारण ते घडलेलं आहे. कसं, काय, ते लिहीत नाही. शुभदाताईंनी दार वाजवलं आणि मी उघडलं.

त्यांनी मला काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि सरकारी हॉस्पिटलला घेऊन गेल्या. अडुसष्ट वर्षांची बाई तीन दिवस माझ्या पलंगाशेजारी लाकडी बाकावर बसून होती. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "समृद्धी, पस्तीस वर्षं मी वर्गात तुझ्यासारख्या मुलींवर ओरडले गं. लक्ष कुठे आहे म्हणून. कोणी आम्हाला सांगितलंच नाही."

आई डबा घेऊन आली. तू आला नाहीस. गावात डेंग्यू सांगितलास, असं कळलं. मला डेंग्यू झाला नव्हता.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर होती, माझ्याहूनही लहान असेल. ती समोर उभी राहिली नाही, स्टूल घेऊन बाजूला बसली. म्हणाली, "लहानपणी कशाशी खेळायचीस?" याआधी मला कुठल्याच डॉक्टरने हे विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. मग ती म्हणाली, "मला मोठ्या माणसांच्या ऑटिझमचं फारसं येत नाही. ज्यांना येतं त्यांचं नाव देते." आणि केसपेपरच्या मागे नाव लिहिलं. 'मला येत नाही' म्हणणारी ही पहिली डॉक्टर. मी त्याच क्षणी तिच्यावर विश्वास ठेवला.

डॉ. क्षिप्रा देवस्थळी. कल्याणला, फक्त शनिवारी. हॉस्पिटलातून फोन गेला म्हणून नंबर लवकर लागला, नाहीतर जानेवारी उजाडला असता.

मी आत गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर ट्यूबलाइटकडे बघितलं आणि उठून ती बंद केली. खिडकीचा उजेड पुरेसा होता. म्हणाल्या, "बोलायचंय, का लिहून आणलंयस?"

मी अकरा पानं नेली होती. त्यांनी ती सगळी वाचली. वीस मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. बाबा, मी कोणाही माणसासमोर इतकी निवांत बसलेली नाही.

मग त्या म्हणाल्या, "यात दोन गोष्टी आहेत. एक नैराश्य. त्यावर उपचार आहेत आणि ते आजपासून सुरू करू. पुन्हा तसे विचार आले तर शनिवारची वाट बघायची नाही, हा माझा नंबर. दुसरं, ऑटिझम. तो आजार नाही, त्याला गोळी नाही. पण तो आहे की नाही हे मी अशी अकरा पानं वाचून सांगणार नाही. नीट तपासावं लागेल. आणि त्यासाठी तुला लहानपणी पाहिलेलं कोणीतरी मला हवंय."

गोळी छोटी आहे. मी झोपते. गेल्या सोमवारपासून ऑफिसला जाते. ही खरी बातमी आहे, हवं तर शुभदाताईंना विचार.

समृद्धी


वर्तकनगर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

बाबा,

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मना काय आठवत नाय गं बाय. मी कवा व्हते तुझेपाशी?"

खरं आहे. हितेश सातव्या महिन्यात झाला. तो काचेच्या पेटीत, आई त्याच्या हॉस्पिटलात, आणि घरी आला तरी वर्ष-दोन वर्षं त्याचंच सगळं. मी तुझ्यापाशी होते. तेव्हा आपली जमीन बिल्डरकडे गेलेली नव्हती. तू खाडीच्या बांधावर कामाला जायचास आणि मला खांद्यावर घेऊन जायचास. मला एवढंच माहीत आहे, आणि तेही आत्याने सांगितलेलं. बाकी मला आठवत नाही. कोणालाच स्वतःची पहिली तीन-चार वर्षं आठवत नाहीत.

म्हणजे माझं लहानपण तुझ्याकडे आहे. ते तू कपाटात ठेवू शकत नाहीस. ते माझं आहे आणि मला ते हवंय.

शनिवार, ७ डिसेंबर. दुपारी चार. कल्याण, पत्ता वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलाय, गाडी कुठे लावायची तेही लिहिलंय. डॉक्टर तुला विचारतील की मी कधी बोलायला लागले, कशाला घाबरायचे, काय खायचे, इतर पोरांत खेळायचे का. तू त्यांना जे पाहिलंस ते सांगायचं. चांगलं करून नाही, वाईट करून नाही.

तुला लाज वाटते, हे मला माहीत आहे. तू गावकीत बसतोस, लोक तुझ्याकडे भांडणं सोडवायला येतात, आणि पंढरी भोईरची पोर वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते. मग लाज घेऊन ये. लाज सोडून ये असं मी म्हणत नाहीये. मी गेले पाच महिने ती तशीच अंगावर घेऊन दारं वाजवत फिरतेय, तू एक शनिवार फिर.

आला नाहीस तर मी डॉक्टरांना सांगेन, माझे वडील जिवंत आहेत, कल्याणपासून अर्ध्या तासावर राहतात, त्यांना सगळं आठवतं आणि ते आले नाहीत. हेही त्या लिहून घेतील. मी धमकी देत नाहीये. मी फक्त आधी सांगतेय, कारण मला कोणी आयत्या वेळी काही केलेलं आवडत नाही आणि तुलाही आवडत नसेल.

समृद्धी


वर्तकनगर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

बाबा,

तू परवा आलास, त्याबद्दल मी आभार मानणार नाही. तू खरं बोललास आणि ते माझंच होतं.

आई एकटी वर आली तेव्हा मला वाटलं तू आलाच नाहीस. ती म्हणाली, "खाली गारीन बसलाय." पाच-सात प्रश्नांनंतर ती घामाघूम झाली आणि पदराने तोंड पुसत राहिली. पंचवीस मिनिटांनी दार वाजलं. तुला खुर्ची दिली तरी तू बसला नाहीस. भिंतीला टेकून उभा राहिलास, जसा तलाठ्याच्या ऑफिसात राहतोस.

मी खाली बघत होते म्हणून तुला वाटलं असेल माझं लक्ष नाही. मी खाली बघते तेव्हाच मला नीट ऐकू येतं. तू बोललास ते हे:

"चार वर्साची होईस्तोवर ही एक शब्द बोलली नाय. लोक बोलले, मुकी हाय. मंग एक दिस मी चिखलान उभा, ही बांधावर बसलेली. मना बोलते, बाबा, पानी उतरला. पुरा वाक्य. मी तया चिखलान रडलू."

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ती ओरडायला लागली की तुम्ही काय करायचात? तू म्हणालास, गोधडीत घट्ट गुंडाळून बांधावर न्यायचो. वरातीचा बँड आला की आधीच उचलून लांब न्यायचो. फ्रॉकची लेबलं ब्लेडने काढायचो. भात आणि कालवण वेगवेगळ्या ताटल्यांत. डॉक्टर म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तू चिडलास. "कोनी शिकवाचा काय हाय त्यान? पोर माझी हाय."

मग तुला सगळं येत होतं, बाबा. त्या काचेच्या क्लिनिकातल्या डॉक्टरांना येत नव्हतं ते तुला येत होतं, सातवी पास माणसाला, नाव माहीत नसताना. मग हळदीला काय झालं? मी परवापासून हाच विचार करतेय. मला वाटतं, बांधावर बघायला कोणी नव्हतं. हळदीला दीड हजार माणूस बघत होतं, आणि तुला त्यांच्या डोळ्यांनी मी दिसले.

हे मी माफ केलेलं नाही. करेन की नाही माहीत नाही. पण कळलं.

नंतर तू डॉक्टरांना दोन गोष्टी विचारल्यास. "हिचा लगीन होल ना?" आणि "ह्या कागदावर लिव नका." त्या म्हणाल्या, दोन्ही समृद्धीला विचारा. तू मला विचारलं नाहीस. आईला घेऊन खाली गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "समृद्धी, ऑटिझम आहे." मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, नक्की. मला रडू आलं नाही. मी विचारलं, त्या पहिल्या डॉक्टरांनी जे लिहिलंय ते खोडता येतं का? त्या म्हणाल्या, खोडता येत नाही, पण तो आजार तुला नाही असं मी सही-शिक्क्यानिशी लिहून देते. मग मी जिन्यात एका पायरीवर बसले आणि तिथे रडले. पंधरा मिनिटं. एक बाई म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, मी बरोबर होते.

समृद्धी


वर्तकनगर
रविवार, ५ जानेवारी २०२५

बाबा,

काल हितेश आला होता. पेढे आणले आणि निरोप आणला. "ताई, बाबा बोलतात, डॉक्टर कर, गोळी खा, काय पण कर, पण तो अपंगत्वाचा सरकारी दाखला काढू नको. एकदा कागद निघाला की कायमचा. गावात समजलं तर कसं?"

मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, तेच तर. कायमचं आहे म्हणून कायमचा कागद.

मी ऑफिसात सांगितलंय. साहेब आधी गोंधळले, मग मला कोपऱ्यातली जागा दिली, भिंतीकडे तोंड करून. कानांवर हेडफोन घालून काम करायला परवानगी दिली. गेल्या महिन्यात माझ्या एकाही ड्रॉइंगला लाल शाई लागली नाही. लपवलं असतं तर यातलं काही मागताच आलं नसतं.

आणि गावाचं म्हणशील, तर शब्द अवघड नाही. ऑटिझम. आपल्या आळीतली म्हातारी माणसंसुद्धा बिल्डरला जमीन देताना एफएसआय आणि टीडीआर म्हणायला शिकली. गरज पडली तेव्हा शिकली. हाही शिकतील.

अर्जावर पूर्ण नाव लागतं. समृद्धी पंढरी भोईर. तुझं नाव मधे येतं, त्याला माझा इलाज नाही.

२० तारखेला, सोमवारी सकाळी दहा वाजता मी सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीवर असेन. ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

समृद्धी


वर्तकनगर
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

बाबा,

काल मी पावणेदहाला पोचले तर तू रांगेत चौथा होतास. पांढरा शर्ट, पांढरी पँट, जशी लग्नाला घालतोस. किती वाजल्यापासून उभा होतास ते तू सांगितलं नाहीस. मागच्या माणसाने सांगितलं, आठपासून.

तू मला तुझ्या जागी उभं केलंस आणि बाजूला झालास. आपण दोघं एक तास काही बोललो नाही. बरं वाटलं.

मग खिडकी आली. कारकुनाने माझा अर्ज बघितला, मला वरून खाली बघितलं आणि तुला म्हणाला, मला नाही, तुला, "काका, ही तर नॉर्मल दिसते. चांगल्या पोरीचा असला दाखला कशाला काढताय?"

मला याचं उत्तर येत होतं. मी ते तयार केलेलं, पाठ केलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू खिडकीच्या लोखंडी जाळीवर हात आपटलास.

"नॉर्मल दिसाला तिला काय मेहनत परते ते तुला म्हाईत हाय का? हाय का म्हाईत? मना म्हाईत नव्हता! मी बाप हाय तिचा न मना म्हाईत नव्हता!"

सगळी रांग वळली. शिपाई आला. आपल्या गावच्या दौलतकाकाचा जावईसुद्धा तिथे होता, हाडांच्या ओपीडीच्या रांगेत, त्यानेही बघितलं. तू त्याला बघितलंस. तरी थांबला नाहीस. "ऑटिझम हाय तिला," तू म्हणालास. "लिवा. अर्जावर हाय तसा लिवा."

मी कानांवर हात ठेवले होते. ते तू पाहिलंस आणि तुझा आवाज एकदम खाली आला, आणि तू चहा आणतो म्हणून निघून गेलास. तू गेल्यावरचं सांगते. कारकून मला म्हणाला, "सॉरी, ताई." मी त्याला माझं उत्तर दिलं. मी म्हटलं, मी नॉर्मल दिसते कारण मी लहानपणापासून तेच काम करते, ऑफिसच्या कामाच्या आधी आणि नंतर, आणि त्याने मी सप्टेंबरात मरणार होते. म्हणून दाखला. सांगायला मला बराच वेळ लागला, मधे दोनदा थांबले. मागचा माणूस 'चला चला' म्हणाला नाही. कारकुनाने शिक्का मारून अर्ज आत घेतला. डॉक्टरांच्या बोर्डासमोर तीन फेब्रुवारीला बोलावलंय, साडेदहाला.

तू दोन चहा घेऊन आलास तोवर झालं होतं. तुझा हात जाळीला घासून सोलला होता. तू तो खिशात घातलास.

काल तू माझ्यासाठी चारचौघांत ओरडलास. मला ते आवडलं. माझे कानही दुखले. दोन्ही खरं आहे. पण ते उत्तर माझं होतं, बाबा. ते शोधायला मला वर्ष लागलंय. कल्याणच्या पहिल्या डॉक्टरांकडेही माझ्या वतीने तूच बोलला होतास.

तीन तारखेला यायचं असेल तर ये. बोर्डासमोर मला वेळ लागेल. मी अडेन, खाली बघेन, शब्द शोधेन. तेव्हा मधे पडू नकोस. बोलेन मी. तू शेजारी उभा राहा.

समृद्धी